घारींची सिक लाइन : एका केंद्राचा आराखडा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी व्याख्याता नव्हे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीसेक वर्षं ओव्हरहेड वायरच्या कामावर आहे. आज मला इथे उभं करण्याचं कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जखमी घारी, शिक्रे, घुबडं यांच्यासाठी दिल्लीत एक उपचार केंद्र काढावं, त्याला जोडून शाळकरी मुलांसाठी माहिती केंद्र असावं आणि मंडळाच्या शिलकी निधीतून त्याला हातभार लावावा, असा विषय वर्षभर चालू आहे. बैठकीत ठरलं की तुम्ही इंजिनिअर, तेव्हा एस्टिमेट तुम्ही करा. ते मी केलं. करताना जे समजलं ते आज सांगणार आहे. माझं मत मात्र आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची मेट्रो गाठायची आहे त्यांची पंचाईत नको. केंद्र जरूर व्हावं, पण इमारत सगळ्यात शेवटी बांधावी.

प्रथम घारीविषयी. महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या माणसाला इथली थंडी आठवते, ऊन आठवतं, पण मान वर करून पाहिलं तर आकाशात घारी किती आहेत हे पाहून थक्क व्हायला होतं. अभ्यासकांनी इथली घरटी मोजली तेव्हा एका चौरस किलोमीटरला सरासरी १५ घरटी भरली. शिकारी पक्ष्यांची एवढी दाट वस्ती जगात फार थोड्या ठिकाणी नोंदली गेली आहे. कारणं सरळ आहेत. गाझीपूरसारखे कचऱ्याचे डोंगर आहेत, उंच झाडं टिकून आहेत, आणि जुन्या दिल्लीत सदका म्हणून मांसाचे तुकडे हवेत उडवून घारींना देण्याची रीत आहे. हिवाळ्यात मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्या घारीही यांच्यात मिसळतात. परप्रांतातून पोटापाण्यासाठी दिल्लीला येणारे आपण एकटेच नाही.

एके काळी गिधाडंही होती. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरात राहतं आणि ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. लाखांनी दिसणारा पक्षी डोळ्यांदेखत जातो तो असा. म्हणून ‘घारी काय, ढिगानं आहेत’ हे वाक्य ऐकलं की मी जरा अस्वस्थ होतो.

आता मांजाकडे वळतो. आपल्याकडे पतंग संक्रांतीचा. दिल्लीत तो पंधरा ऑगस्टचा. म्हणजे आपल्या गणपतीच्या तोंडावरच जखमी पक्ष्यांची लाट येते. आपण मंडपाचे बांबू उभे करत असतो आणि समोरच्या पिंपळावर एखादी घार मांजात लटकलेली असते. दिल्ली सरकारनं १० जानेवारी २०१७ रोजी नायलॉनच्या आणि काच-धातूची पूड लावलेल्या मांजावर बंदी घातली, त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ती देशभर लागू केली. तरी मांजा मिळतो, हे मी सांगायची गरज नाही. सुती दोरा पावसात कुजतो. नायलॉनचा कुजत नाही, झाडावर महिनोन् महिने राहतो आणि पतंगाचा दिवस विसरला गेल्यावरही कापत राहतो.

कापतो तो कुठे? खांदा आणि मनगट यांच्यामध्ये पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक पातळ पडदा असतो, त्यातून एक शिर जाते. पंख ताणून धरण्याचं काम ती करते. आमच्या भाषेत सांगायचं तर तो टेन्शनिंगचा भाग आहे. घार वेगानं येते, दोरा त्या पडद्यात बसतो, ती सुटण्यासाठी फडफडते आणि प्रत्येक फडफडीबरोबर करवत चालते. पडदाच फाटला असेल तर टाके घालून, धीर धरून जमतं. शिर तुटली किंवा हाड उघडं पडून वाळलं, तर तो पक्षी पुन्हा उडेल याची आशा फार कमी.

माझ्या खात्याचाही यात वाटा आहे, तो लपवत नाही. आमच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. ब्रॅकेटवर जिवंत भाग आणि मास्ट यांच्यातलं अंतर काही ठिकाणी जेमतेम फूटभर, आणि घारीचे पसरलेले पंख साडेचार फुटांच्या आसपास. तिनं दोन्हीला एकदम स्पर्श केला की फीडर ट्रिप होतो, गाडी उभी राहते, कंट्रोलचा फोन येतो आणि खाली रुळांत पक्षी पडलेला असतो. तो बहुधा गेलेलाच असतो. कावळ्या-घारींच्या घरट्यात लोखंडी तारेचे तुकडे निघतात, तेव्हा घरटी काढणं हेही आमचं नेहमीचं काम आहे. इथे बसलेल्या मुलांना एक ताकीद देऊन ठेवतो. रेल्वेच्या तारेवर लटकणारा मांजा कधीही, कशानंही ओढायचा नाही. काठीनं नाही, दगड बांधून नाही, पुलावरूनही नाही. तो आम्ही पॉवर ब्लॉक घेऊन, तार अर्थ करून काढतो.

दिल्लीत आज सोय काय आहे, हे पाहिल्याशिवाय आराखडा करणं चुकीचं ठरलं असतं. चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाचं पक्ष्यांचं प्रसिद्ध रुग्णालय आहे. कबुतरं, पोपट, चिमण्या यांची तिथे मोफत आणि मनापासून सेवा होते. पण रुग्णालय शाकाहारी तत्त्वावर चालतं, त्यामुळे मांसाहारी पक्ष्यावर मलमपट्टी होते, त्याला दाखल करून घेत नाहीत. त्यांच्या श्रद्धेच्या जागी ते बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोडक्या पंखाच्या घारीला महिनाभर ठेवून घ्यावं लागतं.

नेमक्या याच अडचणीतून वजीराबादच्या नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या दोन भावांचं काम उभं राहिलं. त्यांचा घरचा धंदा साबणाची डिस्पेन्सर बनवण्याचा. तळघरात एकीकडे डिस्पेन्सर, दुसरीकडे घारी. २००३च्या सुमारास सुरुवात केली, २०१०मध्ये ‘वाइल्डलाइफ रेस्क्यू’ ही संस्था केली. त्यांनी वीस हजारांहून अधिक पक्ष्यांवर उपचार केल्याचं प्रसिद्ध झालं आहे. शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा त्यांच्यावरचा माहितीपट २०२२ साली कान महोत्सवात गौरवला गेला आणि पुढच्या वर्षी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना मांस किसण्याच्या यंत्राचा आवाज आठवत असेल. जागा नाही, पैसा नाही, छतावर पिंजरा, आणि खोकी येतच आहेत. हे मी मुद्दाम सांगतो. या शहरात शिकारी पक्ष्यांचं काम कसं चालतं याचा सर्वांत मोठा अनुभव त्या तळघरात जमा झाला आहे, आलिशान इमारतीत नव्हे.

दुसरं ठिकाण हरियाणातलं पिंजोर. कालक्याच्या गाडीनं गेलात तर अगदी वाटेवर. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हरियाणाच्या वनखात्याबरोबर तिथे २००१ साली गिधाडांचं शुश्रूषा केंद्र काढलं, पुढे ते पैदास केंद्र झालं. तिथल्या सामूहिक पिंजऱ्याचं माप साधारण १०० फूट लांब, ४० फूट रुंद, २० फूट उंच. गिधाडांना दिलं जाणारं बकरं आधी आठवडाभर सांभाळलं जातं, म्हणजे त्याच्या अंगात औषधाचा अंश असेल तर निघून जावा. आणि पक्ष्यांवर लक्ष ठेवलं जातं ते कॅमेऱ्यातून. माणसाचं तोंड पक्ष्याला शक्य तितकं कमी दिसावं, अशी सगळी रचना.

इथे आपल्या विषयाचा खरा पेच येतो. आपल्याला एकाच आवारात दोन गोष्टी हव्या आहेत, पुनर्वसन आणि शिक्षण. एकाला पक्षी माणसापासून लांब हवा, दुसऱ्याला माणूस पक्ष्याच्या जवळ हवा. घारीचं पिल्लू माणसाच्या हातून खाऊन, माणसं पाहत वाढलं तर त्याला माणूसच आपला वाटू लागतो. पुढे सोडल्यावर ते गच्चीवर उतरून कुणाच्याही हातातल्या ताटावर झडप घालतं आणि दगड खातं. आणि मुलांची रांग पिंजऱ्यासमोर उभी केली तर मोठी घार भिंतीवर आपटून पिसं मोडून घेते. दानपेटी मात्र रांग असेल तिथेच भरते! ज्यानं पैसे दिले त्याला पक्षी पाहायचा असतो, आणि ज्या पक्ष्यासाठी दिले त्याला कुणी पाहू नये असं असतं.

रेल्वेतल्या मंडळींना हे पटकन कळेल. आपल्याकडे प्लॅटफॉर्म वेगळा आणि सिक लाइन वेगळी. प्रवाशांना सिक लाइनवर जायची परवानगी नसते. नादुरुस्त डबा रेकमधून काढून तिकडे घेतात, दुरुस्ती करतात, तपासून फिट देतात आणि तो पुन्हा गाडीला लागतो. तिथेच उभा राहून गंजला तर ती सिक लाइन नव्हे, भंगाराचं यार्ड. मी आराखडा काढला तो याच हिशेबानं. दोन फाटकं, दोन रस्ते, मध्ये झाडांची दाट रांग. एका फाटकातून खोकं येतं, दुसऱ्यातून शाळेची बस.

सिक लाइनच्या बाजूला पहिली खोली तपासणीची, आणि तिच्या आधी वेगळी ठेवण्याची खोली. जानेवारी २०२१मध्ये दिल्लीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला आणि लाल किल्लासुद्धा पाहुण्यांना बंद करावा लागला होता. नवा पक्षी सरळ जुन्यांत सोडला तर एका आजाऱ्यापायी सगळे जातील. मग छोटे, अंधारे, शांत कप्पे. मग मधला पिंजरा. आणि शेवटी उडण्याचा लांब पिंजरा. माझ्या एस्टिमेटचा निम्मा कागद या शेवटच्या पिंजऱ्यावर खर्च झाला आहे.

कोंबड्यांची जाळी त्याला चालत नाही. घार जाळीला लटकते आणि पिसांची टोकं तिच्यात अडकून तुटतात. पिसं तुटलेला पक्षी म्हणजे पेंटोग्राफ नसलेलं इंजिन. म्हणून बाजूंना उभे बांबू किंवा पीव्हीसी पाइप, डोकं आत-बाहेर होणार नाही एवढ्या अंतरावर. खालचे सहा-सात फूट पूर्ण बंद, म्हणजे बाहेरची वर्दळ दिसणार नाही. छप्पर अर्धं पक्कं आणि अर्ध्यावर मऊ जाळं, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि तरीही ऊन-पाऊस अंगावर घेणं पक्ष्याला लागतंच. बसायच्या दांड्यांवर काथ्याची दोरी गुंडाळायची. गुळगुळीत दांडीवर आठवडेच्या आठवडे बसून तळवे सुजतात, त्यात पू होतो, आणि पंखानं आलेला पक्षी पायानं जातो. दार दुहेरी, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. जाळी जमिनीत दोन फूट गाडलेली, उंदीर-मांजरांसाठी. दिल्लीची माकडं हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

तुटलेल्या पिसाची एक जुनी युक्ती मला फार आवडली. बाज पाळणाऱ्यांनी शेकडो वर्षं वापरलेली. पीस मुळातून उपटत नाहीत. उरलेल्या पोकळ देठात बांबूची बारीक काडी घालतात, आणि गळून पडलेलं किंवा मेलेल्या पक्ष्याचं त्याच जागेचं, त्याच मापाचं पीस त्यावर बसवून चिकटवतात. तुटलेल्या तारेला स्प्लाइस मारतो तसंच. पुढच्या पीसगळीपर्यंत ते उडायला पुरतं. नाहीतर नवी पिसं येईपर्यंत तो पक्षी कित्येक महिने जागा अडवून बसतो.

आता खर्च. रुपयांचे आकडे कार्यकारिणीला दिलेल्या कागदात आहेत, इथे फक्त वजनं सांगतो. घार पाऊणएक किलोची. तिला रोज ८० ते १०० ग्रॅम मांस लागतं. तीस घारी म्हणजे दिवसाला तीन किलो, महिन्याला नव्वद किलो. ऑगस्टमध्ये दीडशे पक्षी आले तर दिवसाला पंधरा किलो. नुसतं बिनहाडाचं मांस चालत नाही, वाढत्या पिल्लांची हाडं कॅल्शियमवाचून वाकतात. म्हणजे हाडासकट किसायचं यंत्र, डीप फ्रीझर, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. पक्ष्यांचं ज्ञान असलेला पशुवैद्य, रात्रंदिवस दोन माणसं. बांधकामाचा आकडा मोठा दिसतो, पण तो एकदाच. हा खर्च रविवारीही चालू, दिवाळीतही चालू, आणि आपली बदली झाल्यावरही चालू.

‘बदली’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. या सभागृहातले निम्मे लोक सरकारी नोकरीत आहेत. पाच वर्षांपूर्वी जी कार्यकारिणी होती त्यातले किती जण आज दिल्लीत आहेत, मोजून पाहा.

मांसाचा विषय निघालाच आहे, तर आपल्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी बैठकीत विचारलेला प्रश्नही घेतो. गणपतीच्या वर्गणीतून मांस विकत घ्यायचं का? काही जण हसले, मी हसलो नाही. वर्गणी देणाऱ्यानं ज्या भावनेनं दिली तिचा मान ठेवलाच पाहिजे. माझी सूचना अशी की उत्सवाचा निधी याला लावूच नये. वेगळं खातं, वेगळी पावती, आणि पावतीवर स्पष्ट छापलेलं की यातून पक्ष्यांचा मांसाहारही येतो. ज्यांना नको त्यांनी औषधं, खोकी, पेट्रोल यांसाठी द्यावं. विष्णूचं वाहन गरुड आहे आणि सीतेसाठी पंख तोडून घेणारा जटायू आहे. त्यांना आपण कधी डाळभात खायला सांगितलं नाही.

याहून अवघड प्रश्न कुणी विचारला नाही, तो मीच मांडतो. जो पक्षी पुन्हा उडणार नाही त्याचं काय? घार पिंजऱ्यात बरीच वर्षं जगू शकते. जागा तीसची असेल आणि तीस न उडणाऱ्या घारींनी ती भरली, तर पुढच्या ऑगस्टला दार बंद. हाल होत असलेल्या पक्ष्याला डॉक्टरांनी शांतपणे मरण द्यावं की नाही, यावर इथे दोन मतं असणार. माझं मत द्यावं असं आहे. पण माझ्या मताला महत्त्व नाही. केंद्र काढण्यापूर्वी हे लेखी ठरलं पाहिजे, कारण रात्री अकरा वाजता खोकं घेऊन उभ्या असलेल्या पोरासमोर ते ठरवता येत नाही.

कायदाही पाहावा लागेल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. घार असो की पिंगळा, पक्षी आपला नाही, सरकारचा आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय तो ठेवून घेता येत नाही, हेतू कितीही चांगला असो. शिवाय २००२च्या दुरुस्तीनंतर बचाव केंद्रंही प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत आली, म्हणजे केंद्रीय प्राधिकरणाची मान्यता हवी. हे कागद व्हायला वेळ लागतो, तो वेळ आपण वाया घालवू नये.

त्या वेळात काय करायचं? गुजरातमध्ये २०१७पासून उत्तरायणाच्या दिवसांत ‘करुणा अभियान’ चालतं. त्या दहा-बारा दिवसांपुरती गावोगाव पक्षी घेण्याची ठिकाणं, डॉक्टर, फोन नंबर, वाहनं तयार ठेवतात. आपण ऑगस्टसाठी लहान प्रमाणात तेच करू शकतो. जखमी घार मरते ती बहुधा डॉक्टर नसल्यामुळे नव्हे. ती उन्हात चार तास लटकते, खाली उतरल्यावर कुणीतरी दूध पाजतं, मुलं मोबाइल घेऊन घेराव घालतात, आणि मग गाडी मिळत नाही. शाळांत जाऊन शिकवायचं तेही हेच. पक्ष्यावर गडद टॉवेल टाका, अंधारात तो शांत होतो. पाय आधी धरा, कारण घारीची चोच नाही, नखं लागतात. अंगात रुतलेला मांजा ओढू नका, दोन्हीकडून कापून तुकडा तसाच ठेवा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, पाणी किंवा दूध तोंडात ओतू नका, आणि लगेच निघा. ज्या मुलानं हे एकदा केलं त्याला पिंजऱ्यातली घार दाखवायची गरज उरत नाही.

घुबडांचंही शिकवावं. दिवाळीच्या आधी मांत्रिकांच्या नादानं घुबडं पकडून विकली जातात, आणि आपल्याच घरांत खिडकीवर पिंगळा ओरडला तर अशुभ म्हणणारे आहेत. आपल्या जुन्या गुड्स शेडमध्ये गव्हाणी घुबडाची जोडी असेल तर धान्याच्या पोत्यांभोवतीचे उंदीर कोण कमी करतं, हे शेडवाल्यांना विचारा.

तेव्हा सर्वसाधारण सभेपुढे माझा प्रस्ताव असा. परवानग्यांचे अर्ज या वर्षी करावेत. तीन वर्षांचा चालू खर्च बँकेत जमा झाल्याशिवाय पाया खणू नये. तोवर आपण गोळा केलेले पक्षी, ज्या संस्थांकडे परवानगी आणि अनुभव आहे त्यांच्याकडे पोचवावेत, आणि त्यांच्या खर्चाला हातभार लावावा. पहिल्या हंगामाला वीस खोकी, चाळीस जुने टॉवेल, जाड चामडी हातमोज्यांचे सहा जोड आणि फोन उचलणारी माणसं एवढंच पुरे. टॉवेल घरोघरी असतातच.

माणसांची यादी बाहेर प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. नाव आणि फोन लिहा, आणि शेवटच्या रकान्यात रात्री आठनंतर गाडी काढू शकता का, ते हो किंवा नाही असं स्पष्ट लिहा. काल संध्याकाळपर्यंत अकरा नावं आली आहेत, त्यांतल्या चौघांचा ‘हो’ आहे.